टाकी ते टाकी

५ नोव्हेंबर २०१७, रविवार. चिचगड

आज दुपारी जेवताना माझी गाडी विकायचे जवळजवळ ठरले. मला सगळ्यात शेवटी विचारले.

संघदीपदादाने गिऱ्हाईक आणले आहे. गोंदियाचे श्यामलाल म्हणून ठेकेदार आहेत, त्यांना मुलासाठी अशीच उंच, लांब पल्ल्याची मोटारसायकल हवी आहे. दादाचे म्हणणे असे की चारशे सीसीच्या वरचे इंजिन, दोनशे किलोच्या आसपास वजन, एवढी गाडी बाईमाणसाला चिचगड ते देवरी नोकरीवर जायला कशाला.

"ते गाडी नोहय, म्हैस होय," तो म्हणाला. "खाते म्हशीवानी, अन दूध नाई देत."

बाबांनी विचारले, "किती देते व?"

पाच महिन्यांत हा प्रश्न मला उपकेंद्राच्या चौकीदारापासून विहारातल्या भंतेजींपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. गाडीचे नाव नंतर, ब्रेक कधीच नाही, आधी ॲव्हरेज. आणि मला उत्तर देता आले नाही. मी वीज उपकेंद्रात कनिष्ठ अभियंता आहे, दर तासाला रोहित्राचे तापमान नोंदवते, आणि स्वतःच्या गाडीचे पेट्रोल कधी मोजले नव्हते. ही चूक माझी.

दादा म्हणाला, "पंचवीस तं देते का?"

"तीस देते," मी म्हणाले.

रागात म्हणाले. पण म्हटलेला आकडा मागे घेणे मला जमत नाही. आलेखाच्या कागदावर अट लिहिली: टाकी फुल ते टाकी फुल, अशा तीन टाक्या. तिन्हींची मिळून सरासरी लिटरला तीस किलोमीटरच्या खाली आली तर मी स्वतः गाडी विकीन. वर आली तर हा विषय घरात पुन्हा निघणार नाही. खाली बाबा, दादा आणि मी, तिघांच्या सह्या. आई भांडी घासत होती. तिची सही घ्यायचे कोणाला सुचले नाही. मलाही आत्ता लिहिताना सुचले.

६ नोव्हेंबर

मोजण्याची पद्धत ठरवली. देवरीच्या एकाच पंपावर, एकाच मशीनवर, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, टाकीच्या गळ्यातल्या खालच्या कडेपर्यंत भरायचे. थेंब वर नाही, थेंब खाली नाही.

पंपावरची अल्का नोजल धरून दमली. "मॅडम, पेट्रोल भरून राहिले का इंजेक्शन देऊन राहिले?"

"हळू सोड."

"मागं अकरा गाड्या आहेत."

"अकरा नाही, सात."

घर ते उपकेंद्र एकवीस पूर्णांक चार किलोमीटर. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत मी दादाच्या सवारी जीपमधून जात असे. जीप भरली की सुटते, आणि भरते नऊ-सव्वानऊला. मी आठला हवी असते. मी उशिरा येते म्हणून साहेबांनी मला लेखी ताकीद दिली होती. हे कारण घरात कोणाला सांगितले नाही. दादाच्या जीपबद्दल बोलल्यासारखे झाले असते.

९ नोव्हेंबर

आमचा लाईनमन चंद्रशेखर याची गाडी गावाबाहेर पेट्रोल संपून बंद पडली. त्याच्यासाठी खेमराजच्या किराणा दुकानातून बाटली घेतली. खेमराज दुकानासमोर पाण्याच्या जुन्या बाटल्यांत पेट्रोल भरून दोरीला टांगून ठेवतो. गावात सगळे तिथूनच घेतात, कारण पंप देवरीला. बाटली घरी आणून, सवयीने, मोजपात्रात ओतून पाहिली. नऊशे मिलिलिटर.

परत दुकानात गेले. "खेमराजभाऊ, ही लिटरची बाटली नऊशेची आहे."

"बाटलीवर लिवलं आहे न एक लिटर."

"बाटली लिटरची आहे. पेट्रोल नऊशे आहे."

"वरतं थोडी जागा सोडा लागते बाई, पेट्रोल फुगते."

"शंभर मिलिलिटर फुगत नाही."

"तू शिकेल आहेस, तुह्यासाठी नाई फुगत," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला तंबाखू द्यायला लागला. आई तिथेच होती, मीठ घेत होती. हसली.

१३ नोव्हेंबर

पहिली टाकी. ३१२ किलोमीटर, ११.४० लिटर. २७.३७.

जेवताना वाचून दाखवले. दादाने बोटांवर हिशेब केला, म्हणजे करण्याचे नाटक केले. "तिनानं कमी. अजून दोन टाक्या आहेत म्हना." आईने विचारले, "तीस व्हाले किती पाह्यजे होतं?"

मी तिला समजावले. किलोमीटर तेवढेच धरले तर पेट्रोल एक लिटरने कमी लागायला हवे होते, दहा पॉइंट चार. आता पुढच्या दोन टाक्यांत ही तूटही भरून काढायची, म्हणजे प्रत्येक टाकीत साधारण दीड लिटर वाचवावे लागेल.

"दीड लिटर," ती म्हणाली. एवढेच.

तिला या विषयात रस वाटला याचे बरे वाटले. घरात आकड्यांबद्दल कोणी विचारत नाही.

१५ नोव्हेंबर

गाडीवरच उपाय सुरू केले. एअर फिल्टर साफ केला, टायरांतली हवा तपासली, मागच्या चाकात चार पौंड कमी होती. साखळी सैल होती, ताणली, तेल दिले. सकाळी थंड इंजिन उभे ठेवून गरम करायची सवय सोडली. त्यात पेट्रोल जाते आणि किलोमीटर होत नाहीत.

संध्याकाळी आईने जुन्या लुगड्याच्या फडक्याने गाडी पुसून काढली. कधी पुसत नाही. टाकीच्या झाकणाकडे बोट करून म्हणाली, "हे उघडते कसं? धूळ बसली आहे आत."

चावी डावीकडे फिरवून दाखवली. आत धूळ जात नाही हेही सांगितले.

२० नोव्हेंबर

पुढच्या जंगलातल्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, बिघाड. धानाच्या कापणीमुळे रस्त्यावर पेंढ्यांच्या बैलबंड्याच बंड्या, म्हणून कोरड्या नाल्यातून गाडी घातली. इन्सुलेटर फुटलेला खांब अडीच तासांत सापडला. पायी किंवा स्कूटरने दिवस गेला असता. तीन गावांना संध्याकाळच्या आत वीज मिळाली.

पहिल्या गिअरमध्ये नाल्यातून बारा किलोमीटर. टाकीचा आकडा खराब होणार. किलोमीटर भागिले लिटर या भागाकारात ती तीन गावे कुठेच येत नाहीत. पण अट मीच लिहिली आहे.

घरी स्वयंपाकघरात मिठाच्या चार पुड्या दिसल्या. आईला म्हटले, लोणचे घालायचे आहे का. म्हणाली, "राहू दे, मीठ कुठं सडते."

२२ नोव्हेंबर

दुसरी टाकी. ३१८ किलोमीटर, ९.८० लिटर. ३२.४५.

तीन वेळा भागाकार केला. नाल्याचा दिवस धरूनही बत्तीस. एअर फिल्टर आणि हवा यांनी एवढा फरक पडू नये. पुस्तकाप्रमाणे पाच टक्के पडतो, हा अठरा आहे. पण आकडा आकडा आहे.

दादाने ताटातून वर पाहिले नाही. "उतारावर चालवली असशीन."

"देवरीहून परत यायला चढ लागतो दादा."

"तुही जीप किती देते, संघदीप?" आईने विचारले.

"जीप? जीप पोट भराले देते." सगळे हसले. मीही. नंतर लक्षात आले की त्याने उत्तर दिले नाही.

२७ नोव्हेंबर

थंडी वाढली. सकाळी निघताना आईने माझी कॉलर नीट केली, तिच्या पदराला पेट्रोलचा वास येत होता. बहुतेक माझ्याच हातमोज्यांचा असेल.

३ डिसेंबर, रविवार

तिसरी टाकी काल भरली. ३२६ किलोमीटर, ९.१० लिटर. ३५.८२.

एकूण ९५६ किलोमीटर, ३०.३० लिटर. सरासरी ३१.५५. अट मी जिंकले.

बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "झालं. श्यामलालजीले फोन कर, गाडी विकाची नाई." दादा उठला. दाराशी थांबून म्हणाला, "मीटरमध्ये काही केलं तिनं. इंजिनियर आहे न."

विकली जाणार नाही याचा आनंद मला अर्धा दिवस झाला. मग ते वाक्य टोचायला लागले. माझ्या गाडीला काय म्हणायचे ते म्हणावे. माझ्या मोजमापाला म्हटले.

आणि खरे सांगायचे तर पस्तीस पॉइंट ब्याऐंशीवर माझाही विश्वास नाही. ही गाडी बनवणाऱ्यांनीही छापील कागदावर एवढे लिहिलेले नाही. दादा चूक आहे हे दाखवायला मला आधी माझे मोजमाप तपासावे लागेल.

६ डिसेंबर, बुधवार

महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात. नंतर किलोमीटरचे मीटर तपासले.

चिचगड-देवरी रस्त्यावरच्या दगडांशी ताडून पाहिले. वीस किलोमीटरला मीटर वीस पूर्णांक तीन दाखवते. म्हणजे दीड टक्का जास्त. एवढ्याने पस्तीस पॉइंट ब्याऐंशीचे सव्वापस्तीस होतील, सत्तावीस नाही. अकराव्या दगडाला मात्र हिशेब चुकत होता. बाबांना विचारले. ते तीस वर्षे याच रस्त्यावर मैलकुली होते, रस्त्याच्या देखभालीवर.

"अकरा नंबरच्या जागी खडक लागला," बाबा म्हणाले. "चाळीस पावलं पुढं रोवला मी."

"कोणाला सांगितलं नाही?"

"कोन मोजते?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तवा कोनी मोजत नव्हतं."

८ डिसेंबर

पंप तपासला. पंपावर पाच लिटरचे शिक्क्याचे माप ठेवलेले असते, कोणीही गिऱ्हाईक मागू शकते, मागत कोणी नाही. अल्काने ते जळमटे झटकून आणले. "दोन वर्षं आहे मी इथं, पहिल्यांदा निघालं हे." पाच लिटर सोडले, रेषेला बरोबर पाच. पंप ठीक.

मीटर ठीक, पंप ठीक, भागाकार ठीक. उरली टाकी.

बांबूची एक सरळ कामटी घेतली. अर्धा-अर्धा लिटर मोजून ओतत तिच्यावर खुणा केल्या, मधल्या जागा भागून घेतल्या. आता रोज संध्याकाळी गाडी लावताना आणि सकाळी निघताना कामटी बुडवून पातळी लिहीन. रात्रभर गळती होते का, हेही कळेल.

१२ डिसेंबर, मंगळवार

रविवारी आणि काल पातळी रात्रभर होती तेवढीच राहिली. आज सकाळची नोंद अशी:

काल संध्याकाळी साडेसहा: ६.३ लिटर. आज सकाळी सात: ७.२ लिटर.

कामटी पुसून पुन्हा बुडवली. ७.२.

उभी गाडी पेट्रोल बनवत नाही.

फरक ०.९. नऊशे मिलिलिटर. या गावात नऊशे मिलिलिटरचे माप एकाच माणसाकडे आहे.

ड्यूटीवर जाताना दुकानाशी गाडी थांबवली. "खेमराजभाऊ, नऊशेच्या बाटल्या आमच्या घरात कोण नेतं?"

"लिटरच्या," तो म्हणाला.

"कोण नेतं?"

"तुह्या मायले इचार. मी सांगतलो तं मिठाचं गिऱ्हाईक तुटन माहं." मग, स्वतःच: "आधी दोन नेल्या. मंग तीन. काल एक. बाटल्या वापस आनून देते, इमानदार बाई आहे."

उपकेंद्रात बसून हिशेब पुन्हा मांडला. दुसऱ्या टाकीत दोन बाटल्या, १.८ लिटर मिळवले: २७.४१. तिसरीत तीन, २.७ लिटर: २७.६३. पहिली होती २७.३७. तीन आकडे इतके जवळ येतात तेव्हा ते खरे असतात. गाडी सत्तावीस-साडेसत्तावीस देते. पहिल्या दिवसापासून तेवढेच देत होती. नाला आणि नवी हवा यांनी एकमेकांना खाऊन टाकले असावे.

मी अट हरले आहे. हे सध्या मला आणि आईला माहीत आहे. खरे तर आईलाही माहीत नसावे.

१३ डिसेंबर

आई उन्हात बसून लाखोरीची भाजी खुडत होती. समोर बसले.

"बाटल्या किती झाल्या?"

"कायच्या?"

"माय."

"सहा." हात थांबला नाही. "रिकाम्या वापस केल्या खेमराजच्या. तू कामटी घालून मोजतच होती, म्हनून परवा आखीन एक टाकली."

"कायले केलं?"

"तुले कोनी सांगतलं तं तू आयकत नाई. तुह्या बापाले सांगतलं तं तो आयकत नाई. आकडा सगरे आयकतत. मंग आकडाच दिला."

"तिसऱ्या टाकीत पस्तीसच्या वर गेलं. तेवढं कोणतीच गाडी देत नाही."

"मले का मालूम किती द्याचं. वाटलं, कमी पडाले नको."

मी तिला सांगितले की हे मोजमाप आता रद्द आहे, आणि मला ते सगळ्यांना सांगावे लागेल. ती म्हणाली, नको सांगू. मी म्हटले, मला खोटा आकडा नको. ती म्हणाली, "खोटा कसा? पेट्रोल खरं होतं."

मग भाजीची टोपली सरकवत ती म्हणाली, "माही सायकल होती. बालवाडीत कामाले होती मी तवा, दोन कोस जाऊन येवो. तू पोटात होती तवा इकली. फवारनीचा पंप घेतला. कोनी इचारलं नाई किती चालते म्हनून. तिले तं पेट्रोलबी लागत नव्हतं."

हे वाक्य लिहून ठेवते आहे. त्यात काहीतरी आहे जे मला अजून नीट मांडता येत नाही.

१५ डिसेंबर

दोन दिवस गप्प आहे. गप्प राहिले तर गाडी राहते. कागद बाबांच्या खिशात आहे, विषय मिटला आहे, श्यामलालना नकार कळवला आहे. बोलले तर गाडी जाते. माझ्याच सहीने जाते.

चंद्रशेखरला, कोणाची गोष्ट ते न सांगता, विचारले की अट चुकीची असेल तर काय करावे. म्हणाला, "मॅडम, अट चुकीची कवा समजली? हरल्यावर का?"

बरोबर विचारले त्याने. हरल्यावरच समजली. म्हणून ती कमी चुकीची ठरते का, यावर आज दिवसभर विचार केला.

मी तीस का म्हणाले? दादा पंचवीस म्हणाला म्हणून. पंचवीसच म्हटले असते तर सत्तावीसने जिंकले असते, आणि तरीही काही महिन्यांनी त्याला दुसरे काही सापडले असते. गाडी उंच आहे. आवाज मोठा आहे. सायकलीला पेट्रोल लागत नव्हते. मुद्दा पेट्रोलचा कधी नव्हताच, आणि मी सहा आठवडे त्याचे उत्तर दोन दशांशांपर्यंत काढत बसले.

दादाला फोन केला. "श्यामलालजींना रविवारी चहाला बोलाव. मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे." तो खूश झाला.

१७ डिसेंबर, रविवार

आज झाले ते जसे झाले तसे लिहिते.

श्यामलाल अकराला आले. जाड, हसरे गृहस्थ. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, साखळीला बोट लावून पाहिले. "बेटा, गाड़ी तो शानदार रखी है. कितना देती है?"

"रोजच्या रस्त्यावर सत्तावीस," मी म्हणाले.

दादाने चहाचा कप खाली ठेवला. "अन ते पस्तीस?"

"दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीत बाहेरचं पेट्रोल आलं होतं. पाच बाटल्या. ते वजा केलं तर तीन टाक्यांची सरासरी सत्तावीस पॉइंट सत्तेचाळीस. हिशेब हा." कागद बाबांसमोर ठेवला.

"बाहेरचं म्हंजे? कोनी टाकलं?"

मी उत्तर देणार नव्हते. आई दारातून म्हणाली, "मी टाकलं."

श्यामलाल कपाकडे पाहत राहिले.

"म्हंजे अट हरलीस," दादा म्हणाला.

"हरले."

"मंग चावी दे."

"गाडी विकणार नाही."

"असं कसं? सही आहे तुही."

"सही माझी आहे. अटही मीच घातली होती आणि ती चुकीची होती. ती मी आज मोडते आहे, सगळ्यांसमोर. शब्द मोडला म्हणून जे म्हणायचं असेल ते म्हणा. दादा, तुझी जीप किती देते?"

तो बाबांकडे पाहायला लागला.

"सात वर्षं चालवतोस. एकदाही कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. मला पाच महिन्यांत रोज विचारलं. बाबा, आईची सायकल किती देत होती?"

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, परत टाकला. म्हणाले, "तिच्यात पेट्रोल नव्हतं पडत."

"हो. तरी विकली."

माझा आवाज चढला नाही.

श्यामलाल उठले. "संघदीप, यहाँ गाड़ी बिकाऊ नहीं है." दाराशी मला म्हणाले, "बेटा, मेरी लड़की को ये सब मत बताना. स्कूटी माँग रही है दो साल से." मी म्हटले, "दे दीजिए." ते हसत गेले.

दादा जीप घेऊन निघून गेला, न जेवता. तो आठ-दहा दिवस बोलणार नाही. शब्द मोडणारी, हे आता तो प्रत्येक सवारीला सांगेल. सांगू दे. ते खरे आहे.

बाबा बाजेवरून उठून गाडीकडे गेले. मला वाटले काही म्हणतील. त्यांनी मागच्या सीटवर हात दाबून पाहिला. "हे सीट कठीन आहे," म्हणाले. "तुही माय बसन तं घोंगडं टाकजो."

आई मागे बसणार आहे असे कोणी म्हटले नव्हते.

२१ डिसेंबर

आईला विचारले, कुठे जायचे. मला वाटले, गोंदिया म्हणेल किंवा इटियाडोह धरण.

"सिरपूर," ती म्हणाली. रायपूरच्या पलीकडे, जुने बौद्ध विहार आहेत तिथे. "बालवाडीच्या ट्रेनिंगमधी एका बाईनं सांगतलं होतं. मातीखालून बुद्ध निंघाले म्हने."

म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून तिच्या मनात आहे. मला आज कळले.

२५ डिसेंबर, सोमवार

काल पहाटे निघालो, आज संध्याकाळी देवरीत परत. रात्र सिरपूरच्या धर्मशाळेत.

नोंदी: आईचे वजन बावन्न किलो, सामान नऊ. सीटवर घोंगडे. हायवेवर पासष्टच्या वेगाने, पाचवा गिअर, जवळजवळ ब्रेक नाही. रोजच्या रस्त्यापेक्षा आकडा चांगला येणार हे उघड होते.

पहिले वीस किलोमीटर आईने माझे जाकीट दोन्ही मुठींत धरले होते. राजनांदगावच्या पुढे एक हात सोडला. रायपूरच्या अलीकडे मागून खांद्यावर थाप आली. वाटले, थांबायचे आहे.

"त्या ट्रकच्या पुढं काढ," ती म्हणाली. "धूर येऊन रायला."

काढली.

सिरपुरात ती विटांच्या भिंतींमधून एकटी फिरली. दगडी बुद्धमूर्तीसमोर बसली, वंदना म्हटली, मग तिथल्या पहारेकऱ्याला विचारले की इथे शिकायला बायका येत होत्या का. त्याला माहीत नव्हते. ती म्हणाली, "येत असतीन. पायी."

आज संध्याकाळी देवरीच्या पंपावर मधल्या स्टँडवर गाडी लावली. अल्का आता स्वतःच खाली वाकून गळ्याची कड पाहते. वाटेत भरलेले आणि आताचे मिळून १५.८० लिटर. किलोमीटर ४६८, मीटरच्या हिशेबाने, नेहमीसारखे.

आई शेजारी उभी होती. पाय अवघडले होते, एका हाताने कंबर धरली होती. "झाले का तीस?"

"नाही. एकोणतीस पॉइंट बासष्ट."

"तीस म्हन न व. कोन पायते?"

"नाही."

अल्का म्हणाली, "काकू, त्या नाही म्हणणार."

आईने कागदाकडे पाहिले. तिला भागाकार येत नाही, पण आकडा कुठे लिहिलेला असतो ते आता माहीत झाले आहे. मग घोंगड्याची घडी सीटवर सरळ केली.

"एकाच टाकीनं कसं समजन?" ती म्हणाली. "तूच म्हनत होती, तीन मोजा लागतत."

बरोबर आहे. एका टाकीवरून काहीही ठरवता येत नाही.